बजेट चार हजार, आणि वही लेकीच्या हातात



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'माझी अविस्मरणीय सहल'. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा लक्षात आलं, पाच-सहा मुलांचा निबंध जवळजवळ सारखाच आहे. सगळ्यांनी मोठ्या पार्कात जाऊन उंच पाळण्यात बसल्याचं लिहिलेलं, आणि सगळ्यांचा शेवट 'असा दिवस मी कधीच विसरणार नाही' असा. एका मुलाला जवळ बोलावून विचारलं, "बाळा, तू कधी गेला होतास रे?" तो खाली बघत म्हणाला, "बाई, गाईडमध्ये होतं."

त्याचे वडील लूमवर रात्रपाळी करतात. सहल म्हणजे त्याच्यासाठी सुट्टीत गावाला जाणं, तेसुद्धा तिकिटाचे पैसे जमले तर. पण गावाला जाण्यावर निबंध लिहिता येतो हे त्याला वाटलंच नाही. तसं वाटू दिलं नाही ते मी, माझ्या विषयाने. मी त्याला दहापैकी सात गुण दिले आणि वही परत केली. आजही तो सातचा आकडा मला टोचतो.

आता म्हणाल, बाई, वाढदिवसाच्या सहलीवर लिहिते म्हणाली आणि सुरुवात निबंधाने केली. थोडं थांबा, दोन्ही एकाच ठिकाणी येणार आहेत.

मी खोटं बोलले होते

आम्ही कामतघरला राहतो. मी प्राथमिक शिक्षिका, मिस्टर एका गोदामात स्टोअरचं काम बघतात. घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं, लेकीची शाळा. महिन्याच्या वीस तारखेनंतर पर्स उघडताना हात जरा दबकतोच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच असेल.

दोन वर्षांपूर्वी लेक आठ वर्षांची होत होती. तिने हट्ट धरला, "वाढदिवसाला मला मोठ्या पार्कात जायचंय." पैसे नव्हते. 'पैसे नाहीत' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मी म्हणाले, "अगं, सध्या ते बंद आहे. काम चालू आहे तिथे." तिने ऐकलं. घरीच केक कापला, ती खूशही होती.

शाळा सुरू झाल्यावर तिच्या वर्गातली एक मुलगी हाताला पार्कातला कागदी पट्टा बांधून आली. लेक घरी आली, दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आई, तू खोटं बोललीस ना?"

मूल्यशिक्षणाच्या तासाला मी 'सत्य' शिकवते. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. तिला पार्क न मिळाल्याचं वाईट वाटलं नव्हतं. आईला पैशाबद्दल बोलताना लाज वाटते, हे तिला कळलं होतं. आणि ज्या गोष्टीची आईला लाज वाटते, ती गोष्ट वाईटच असणार, असं मूल धरून चालतं. पैसे कमी असणं ही लाजेची गोष्ट आहे, हा धडा मी तिला न बोलता शिकवला होता.

म्हणून माझं आजचं म्हणणं सरळ आहे. मुलांना घरच्या पैशाची मर्यादा खरी सांगा. वाढदिवसाची सहल ही त्यासाठी फार चांगली संधी आहे. आणि सहलीचा हिशोब आपण करून मुलांना 'सरप्राइज' देण्यापेक्षा तो हिशोबच त्यांच्या हातात द्या.

चार हजार कसे जमले

यावेळी दहावा वाढदिवस होता, मे महिन्यात. मागच्या जूनमध्येच मी तिला सांगितलं, "आपण जाऊ. पण एकदम पैसे नाहीत. दर महिन्याला साडेतीनशे बाजूला टाकू." बोर्नव्हिटाचा रिकामा डबा घेतला. जून ते एप्रिल असे अकरा महिने. तिने स्वतः गुणाकार केला, 350 गुणिले 11 बरोबर 3,850. आजीने कमरेच्या पिशवीतून दीडशे काढून दिले. झाले 4,000.

दोन महिने असे आले की डब्यात टाकायला पैसे उशिरा मिळाले. एकदा तर पंधरा तारीख उलटली. तेव्हा तीच आठवण करून द्यायची, "आई, ऑक्टोबर राहिलाय." मला संकोच वाटायचा, पण लपवलं नाही. "गॅस संपला ना मध्येच, पुढच्या आठवड्यात टाकते," एवढंच सांगायचे.

मग प्रश्न आला, कुठे? आपल्या भागाला पर्याय आहेत. ठाण्याला मानपाड्याच्या बाजूला टिकुजिनीवाडी, घोडबंदर रस्त्यावर सूरज वॉटर पार्क, विरारकडे पारोळला ग्रेट एस्केप, आणि लांबचं पण सगळ्या मुलांच्या तोंडी असलेलं खोपोलीजवळचं इमॅजिका, जे 2013 मध्ये सुरू झालं. आमच्या लहानपणी एकच नाव असायचं, गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते 1989 मधलं. बोटीने जायचं असतं एवढ्यावरच आम्ही अर्धे वेडे व्हायचो. आम्ही शेवटी ठाण्याच्या बाजूचं एक पार्क निवडलं. कोणतं ते लिहीत नाही, ही जाहिरात नाही. आणि खालचे तिकिटाचे आकडे आमच्या त्या दिवसाचे आहेत, तुम्ही जाल तेव्हा वेगळे असतील. पद्धत बघा, आकडे नको.

वहीतलं गणित

लेकीला शंभर पानी वही दिली. डाव्या पानावर 'काय हवं', उजव्या पानावर 'किती लागेल'.

वाढदिवस रविवारी येत होता. रविवारचं तिकीट मोठ्याला 1,200 आणि मुलांना 900. आम्ही तिघं, म्हणजे 3,300. मधल्या वारी मोठ्याला 950, मुलांना 700. तिघांचे 2,600. तिने वजाबाकी केली, 700 उरतात. मग बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "आई, सातशे म्हणजे अजून एका मुलीचं तिकीट."

चाळीतली तिची एक मैत्रीण आहे, दोघी एकाच बाकावर बसतात. तिचं नाव तिने वहीत माझ्याकडे न बघताच लिहून टाकलं होतं. म्हणजे रविवारऐवजी मंगळवारी जायचं, आणि त्याच 3,300 मध्ये चौघं जायचं. वाढदिवसाच्या दिवशी घरी शिरा, औक्षण, आजीच्या पाया पडणं. दोन दिवसांनी पार्क. मिस्टरांनी साप्ताहिक सुट्टी बदलून घेतली.

पालकहो, वाढदिवस तारखेलाच साजरा झाला पाहिजे हा हट्ट बहुतेक वेळा आपलाच असतो, मुलांचा नाही.

प्रवासाचं गणित तर मला वर्गात शिकवायला मिळालं. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धं तिकीट. दोन मुली अर्ध्या अर्ध्या, मी अर्धी, आणि बाबा पूर्ण. चार माणसं, पण तिकिटं अडीच! "बाबा एकटेच आख्खे आहेत," म्हणून दोघी इतक्या हसल्या की अपूर्णांकाचा धडा त्या आता जन्मात विसरणार नाहीत. रिक्षा, एसटी, पुढची शेअर रिक्षा आणि येतानाचं तसंच, असे मिळून 320 धरले.

राहिले 380. आतल्या खाण्याला 240, लॉकरला 100. शिल्लक 40.

या यादीत काही गोष्टी आधीच कळल्या म्हणून पैसे वाचले. त्या सांगते, तुमच्या कामाला येतील.

पहिली, बऱ्याच पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं. घरी दाराच्या चौकटीला टेप लावून मोजून घ्या. गेटवर कळलं तर बजेट तिथेच कोसळतं.

दुसरी, पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. तिथे भाड्याने घेतले तर चौघांचं भाडं आणि वर डिपॉझिट. आम्ही शेजारून मागून नेले.

तिसरी, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. म्हणून गेटच्या बाहेरच पोटभर खाऊन घ्यायचं.

चौथी, दाखवलेल्या किमतीत कर धरलेला आहे का ते फोन करून विचारा. पार्काच्या तिकिटावर जीएसटी असतो. तो 2018 च्या जानेवारीत 28 वरून 18 टक्क्यांवर आला, पण अठरा टक्के म्हणजेसुद्धा हजाराला एकशे ऐंशी. टक्केवारी वरच्या वर्गात येते, पण लेकीला शेकड्याला अठरा एवढं बरोबर समजलं.

आणि पाचवी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कंडक्टरपुढे किंवा तिकीट खिडकीवर मुलाचं वय कमी सांगू नका. 'पाच पूर्ण नाही झाली अजून' असं आपण म्हणतो तेव्हा मूल आपल्या हाताला धरून उभं असतं, आणि त्याला आपलं वय पक्कं माहीत असतं. वीस-पंचवीस रुपयांसाठी एवढी महाग वस्तू विकू नये.

मैत्रिणीच्या आईचा रुमाल

मैत्रिणीला नेणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मी तिच्या आईला सांगायला गेले तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. "ताई, एवढा खर्च तुम्ही कशाला करता?" मी म्हणाले, "मी नाही करत, तिकीट तुमच्या मुलीच्या मैत्रिणीने काढलंय. वार बदलून." आणि वही दाखवली. तिला अक्षरं फार वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. ते तिने बोट ठेवून ठेवून बघितले. मग 'हो' म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती मुलगी आली तेव्हा हातात चपाती आणि बटाट्याच्या भाजीचा डबा होता, आणि रुमालाच्या गाठीत शंभराची नोट. मी परत करणार होते. तोंडावर आलंच होतं, 'अगं, कशाला!' पण लेकीने वही उघडली आणि 'जमा' खाली 100 लिहिलं. मैत्रिणीचं नाव पुढे लिहिलं. त्या मुलीचा चेहरा मी बघितला. ती आता पाहुणी नव्हती, भागीदार होती.

आपण शिक्षक लोक मदत करायला फार उतावीळ असतो. समोरच्याने दिलेलं घ्यायलाही शिकलं पाहिजे, हे मला दहा वर्षांच्या मुलीने शिकवलं.

अंजूरफाट्यापुढे काल्हेर, कशेळी, मेट्रोच्या खांबांखालची ती नेहमीची गर्दी, सगळं पार करून पोचलो. गेटबाहेर झाडाखाली बसून तिच्या आईची चपाती-भाजी आणि आमची थालीपीठं खाल्ली. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं जेवण तेच.

आता सगळं छान छान झालं असं समजू नका. एका राइडवरून उतरल्यावर काउंटरवर आमचाच फोटो दिसला, चौघांची तोंडं उघडी, केस उडालेले. कागदी फ्रेमसकट 200 रुपये. लेकीला तो हवाच होता. वहीत शिल्लक होती चाळीस आणि शंभर, एकशे चाळीस. बाबांचा हात खिशाकडे गेला. मी डोळ्यांनी 'नको' म्हटलं. ती रडली. अर्धा तास कुणाशी बोलली नाही, पाण्यातही उतरली नाही. मैत्रीण एकटीच काठावर पाय हलवत बसली.

त्या अर्ध्या तासात मला दहा वेळा वाटलं, घेऊन टाकावा फोटो. साठ रुपयांनी काय होणार आहे? अजूनही मला खात्री नाही की मी बरोबर केलं. पण घेतला असता तर अकरा महिने डब्यात टाकलेल्या प्रत्येक साडेतीनशेला काही अर्थ राहिला नसता. ती वही मग खेळातली झाली असती, खरी नसती.

तिचं रडणं आपोआप थांबलं. निघताना बाहेर चार कुल्फ्या घेतल्या, तीस रुपयांची एक. 120 गेले, 20 उरले. रात्री घरी आल्यावर तिने ते वीस रुपये डब्यात टाकले आणि झाकण लावलं. वहीच्या नव्या पानावर लिहिलं, 'पुढच्या वर्षी : फोटो 200'.

'मुलांवर ओझं नको' म्हणणाऱ्यांना

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक मॅडम म्हणाल्या, "मुलांना या वयात पैशाचं कशाला सांगायचं? बालपण आहे, मजा करू दे." त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. घरातल्या कर्जाच्या, भांडणाच्या गोष्टी ऐकून कोमेजलेली मुलं मी वर्गात बघते. एका मुलीने तर सहलीचं पत्रक घरी दाखवलंच नव्हतं, आई रडेल म्हणून.

पण मर्यादा सांगणं वेगळं आणि चिंता सांगणं वेगळं. 'आपल्याकडे चार हजार आहेत, त्यात काय बसतं ते तू ठरव' ही मर्यादा. 'तुझ्यामुळे किती खर्च होतो माहितीये का' ही चिंता, नव्हे, तो मार आहे. पहिल्यात मुलाच्या हातात काहीतरी येतं. दुसऱ्यात फक्त अपराधीपणा येतो. आणि काहीच न सांगता लपवलं, तर मूल अंदाज बांधत बसतं, आणि मुलांचे अंदाज आपल्या परिस्थितीपेक्षा नेहमी जास्त भीतीदायक असतात.

हे काही नवीन नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधल्या घरात गरिबी मुलांपासून लपवलेली नाही. म्हणूनच तर खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवणारा श्याम आपल्याला खोटा वाटत नाही. वज्रेश्वरीच्या चैत्रातल्या यात्रेला माझे वडील हातावर दहा रुपये ठेवायचे. "हे तुझे. संपले की संपले." पाळणा की बांगड्या की बर्फाचा गोळा, ते मीच ठरवायचे. अमेरिकेतलं डिस्नेलँड 1955 मध्ये उघडलं, तिथेसुद्धा 1982 पर्यंत राइडसाठी कूपनांची पुस्तकं चालायची. कुठलं कूपन कुठे खर्च करायचं ते मुलांना ठरवावं लागायचं. आता एकाच तिकिटात सगळं असतं. सोय झाली, पण निवडायची सवय गेली.

ज्यांच्याकडे चार हजार नाहीत

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या वर्गातल्या अर्ध्या घरांत चार हजार म्हणजे फार मोठी रक्कम आहे. मग हे सगळं त्यांच्यासाठी नाही का?

आहे. वही दोनशे रुपयांचीही होते. राणीच्या बागेत जायचं ठरवा आणि मुलालाच शोधू द्या की कोणत्या गाडीने जायचं, रेल्वेत अर्धं तिकीट कुणाला लागतं, आणि बुधवारी बाग बंद असते हे आधी कुणी तपासलं. संध्याकाळी वऱ्हाळदेवी तलावावर जायचं ठरवा, पन्नास रुपयांत चार मित्रांना काय खायला घालता येईल ते त्याला ठरवू द्या. ठरवण्याचा अधिकार मिळणं हीच वाढदिवसाची भेट. पार्क हे निमित्त.

आणि शिक्षक मित्रांनो, आपण एवढं करू या. 'मी पाहिलेले मनोरंजन पार्क' असे विषय देणं थांबवू या. ज्याने पाहिलं नाही त्याला आपण खोटं लिहायला शिकवतो, आणि वर त्याला गुण देतो. त्याऐवजी विषय द्या, 'मला पाचशे रुपये मिळाले तर मी कुणाला घेऊन कुठे जाईन?' त्यात भाषा आहे, गणित आहे, परिसर अभ्यास आहे आणि घरही आहे. तो लिहायला कुठेही गेलेलं असावं लागत नाही.

मी या जूनमध्ये नवीन चौथीला तो विषय दिला. एका मुलाने लिहिलं की तो आईला घेऊन एसटीने वज्रेश्वरीला जाईल, दोघांची अर्धी अर्धी तिकिटं मिळून एकच होईल, आणि उरलेल्या पैशातून आईला गरम पाण्याच्या कुंडावरून परत येताना रिक्षा करून देईल, कारण तिचे पाय दुखतात. शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका होत्या. पण ते वाक्य कुठल्याही गाईडमध्ये नव्हतं.

तुमच्या घरातल्या, वर्गातल्या मुलाला यंदा अशी एक वही देऊन बघा. पहिल्या पानावर खरा आकडा लिहा, मग तो कितीही छोटा असो.